डिपेंड म्हटलं की ऑन

वरच्या गच्चीवर सकाळपासून कुणाचं तरी पोर पाठांतर करत फेऱ्या मारतंय. चपला फटफट वाजतात, मध्येच थांबतात, काहीतरी अडलेलं असतं, मग पुन्हा फटफट सुरू. फेब्रुवारी आला म्हणायचा. टपाल नाक्यावर वालाच्या शेंगा जून व्हायला लागतात, मडक्यात शेंगा भाजायचे, पोपटीचे दिवस सरतात, सकाळी शाल आणि दुपारी पंखा असा हवेचा चमत्कारिक कारभार सुरू होतो आणि पनवेलमध्ये ज्यांच्या घरात दहावीचं पोर आहे त्यांचे चेहरे लांबून ओळखू येतात. आई भाजीवालीशीसुद्धा हळू आवाजात घासाघीस करते. बाप टीव्ही आवाज बंद करून बघतो. मला हा महिना पूर्वी फार आवडायचा. आता वाटतं, जानेवारीवरून सरळ एप्रिलवर उडी मारता आली तर किती बरं होईल.

माझे यजमान इंग्रजीचे मास्तर. शाळेतून निवृत्त झाले तरी घरच्या शिकवण्या चालूच होत्या. अख्खं गाव त्यांना सर म्हणतं. मी 'हे' म्हणते, कारण आमच्या जासईला, माझ्या माहेरी, नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, आणि सर म्हणायला मी काही त्यांची विद्यार्थिनी नव्हते. परीक्षेच्या दिवसांत आमच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर पोरं मांडीला मांडी लावून बसायची आणि दाराबाहेर चपलांचा असा ढीग पडायचा की दूधवाला पिशवी खिडकीतून द्यायचा. घामाचा, खोडरबराचा आणि कुणीतरी चोरून खाल्लेल्या चिंचेचा वास खोलीला असायचा. ह्यांच्या हातात लाकडी डस्टर. त्याने फळा कमी पुसला गेला, टेबल जास्त ठोकलं गेलं.

इंग्रजीत म्हणे शब्दाच्या मागोमाग एक चिमुकला शब्द येतो. ऑन, ऑफ, टू, फॉर, विथ. पुस्तकात त्याला प्रिपोझिशन म्हणतात, हे त्याला शेपूट म्हणायचे. कुठल्या शब्दाला कुठलं शेपूट ते ठरलेलं, गाईला म्हशीचं लावायचं नाही. हे शब्द म्हणायचे आणि सगळ्या पोरांनी एका आवाजात शेपूट ओरडायचं. डिपेंड म्हटलं की ऑन. अफ्रेड म्हटलं की ऑफ. गुड म्हटलं की ॲट. वेट म्हटलं की फॉर. कोणी चुकलं की डस्टर टेबलावर आणि ह्यांचं ते "नो, नो, नो". मग तोच शब्द पुन्हा, अख्ख्या वर्गाने. एखादं धीट पोर विचारायचं, सर, पण ऑनच का? त्यावर ह्यांचं उत्तर ठरलेलं. "का विचारायचं नाही. लग्न लागलंय त्यांचं." पोरं हसायची. मी आत तांदळाची भाकरी थापत असायची, मला काही हसू यायचं नाही.

मी दहावीला इंग्रजीत आपटलेली. मराठीत वर्गात पहिली आणि इंग्रजीत सपशेल. त्यामुळे इंग्रजीच्या मास्तराचं स्थळ आलं तेव्हा आमच्या घरात आनंद कमी आणि धास्ती जास्त. आई म्हणाली, "जावय इंग्लिशचा मास्तर हाय. आता आमी त्याच्याशी बोलाचा तरी काय?" पुढे जन्मभर तिने जावयाशी फक्त मासळीचा विषय काढला, तिथे तिचा हात धरणारा कुणी नव्हता. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात ह्यांनी मला शिकवायचा घाट घातला. दुपारी जेवणं झाली की पाटी घेऊन बसवायचे. मी म्हणायची एक, हे म्हणायचे नो, नो, नो. मी दुसरं म्हणायची, पुन्हा नो, नो, नो. इंग्रजी राहिलं बाजूला, माझ्या तोंडातलं 'नाय' काढून तिथे 'नाही' बसवलं, 'आमी'ला 'ह' लावून दिला. एक दिवस मी पाटी उचलून फळीवर ठेवली आणि म्हटलं, मला आहे तशी राहू द्या. त्यावर हे म्हणाले, "'राहू द्या' हे मात्र तू बरोबर म्हणालीस." असा माणूस.

पण कान कुठे बंद करता येतात? भिंतीपलीकडे वर्षानुवर्षं तेच शब्द त्याच क्रमाने, त्याच चालीत. मीठ घालताना, मासे साफ करताना, दळण चाळताना मला ते पाठ झाले. अर्थ विचाराल तर निम्म्यांचा अजून येत नाही. अक्यूज म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, पण अक्यूजला ऑफ लागतं ते ठाऊक आहे. पोरं एखाद्या ठिकाणी अडली की चुलीपाशी माझ्या तोंडातून उत्तर निघायचं, हळूच, ह्यांना ऐकू जाणार नाही इतकं. कधी कधी मी त्यावर विचारही करत बसायची. आपल्या मराठीत वस्तू आधी येते. घर. मग त्याला पाहिजे ते चिकटवा, घरात, घरावर, घरामागे. माणूस उंबऱ्यावर पोचलेलाच असतो. इंग्रजीत आधी नुसतं 'वर' म्हणायचं आणि मग कशावर ते सांगायचं. तेवढा वेळ ऐकणाऱ्याने पाय उचलून धरायचा. आणि लग्नाचं बघा. आपल्याकडे लग्न अमक्याशी होतं, म्हणून पोरं हमखास मॅरीड विथ म्हणतात आणि हमखास शिव्या खातात. तिथे विथ नाही, टू. म्हणजे मी ह्यांच्याशी लग्न केलं नाही, ह्यांना लग्न झाले. विचार केला तर त्यात तथ्य होतं.

ह्यांना चूक सहन व्हायचीच नाही. लोकांना मिरचीचा ठसका लागतो तसा ह्यांना चुकीच्या शब्दाचा लागायचा. दुकानाच्या पाटीवर काही वेडंवाकडं दिसलं की आत जाऊन मालकाला सांगून यायचे. लग्नाच्या पत्रिकेत लाल रेघ मारायचे आणि मग आहेर घेऊन त्याच लग्नाला जायचे. एकदा आंघोळ चालू असताना, डोळ्यात साबण गेलेला असताना, न्हाणीघरातून ओरडून बाहेरच्या खोलीतल्या पोराचं शेपूट दुरुस्त केलं होतं. मी कपाळाला हात लावायची. नीलेश, आमचा एकुलता एक मुलगा, पुण्याला नोकरीला लागला तेव्हा मला म्हणाला होता की पुण्यात सगळ्यात मोठं सुख म्हणजे चुकीचं बोलता येतं.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत ह्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आपटा गावातल्या त्याच्या वाडीवर पोपटीला बोलावलं होतं. नदीकाठी थंडी बरी होती. मडक्यातून वालाच्या शेंगा आणि अंडी बाहेर काढली तेव्हा भांबुर्ड्याच्या पाल्याचा तो कडसर वास हातांना, कपड्यांना, सगळ्याला लागला. हे खुशीत होते. शेकोटीभोवती बसलेल्या संसारी माणसांना, कुणाचं पोट सुटलेलं, कुणाला टक्कल पडलेलं, ह्यांनी वर्गासारखं कामाला लावलं. हे म्हणाले इंटरेस्टेड, ते सगळे ओरडले इन. पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ह्यांच्या हातातून कप सुटला. मी म्हटलं, लक्ष कुठे असतं तुमचं? ह्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि त्यातून काहीच आलं नाही. मला आधी वाटलं चेष्टा करतायत. कालच्या शर्टाला अजून पाल्याचा वास होता. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला, डॉक्टरांनी दवाखान्यात सांगितलं. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. त्यांना समजतं बरंचसं, पण शब्द सापडत नाही, असं म्हणाले. ज्या माणसाने गावभर इतरांचे शब्द शोधून दिले त्याला पाणी हा शब्द सापडेना.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला घरी आणलं. पुढच्या खोलीत, पोरं बसायची तिथेच, कॉट टाकली. घर इतकं शांत झालं की पळस्पेच्या बाजूने वारा आला की हायवेवरच्या कंटेनरचे हॉर्न ऐकू यायचे. इतकी वर्षं ते वाजत असणारच, पोरांच्या ओरड्यात कधी कानावर आले नव्हते. ह्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. 'अगं' एवढंच. अगं, चष्मा कुठे. अगं, हे बघ काय छापलंय. दिवसातून किती वेळा तो शब्द कानावर पडायचा आणि किती वेळा मी 'आता काय' म्हणून उठायची. आता मी स्वयंपाक करताना मुद्दाम पाणी बंद ठेवायची, कुकर लावायची नाही, न जाणो हाक आली आणि ऐकूच आली नाही तर. ह्यांनी स्वतःहून एक शब्द बोलावा. कुठलाही. तेवढंच मागत होते मी, देवापाशी आणि डॉक्टरांपाशी.

आणि एक दिवस खरंच शब्द आला. सानिया म्हणून मोहल्ल्यातली मुलगी ह्यांच्याकडे यायची, दहावीची. वडील कुवेतला, घरात ही आणि आई. तिची आई मोसंबी घेऊन भेटायला आली होती. अल्लाह सरांना शिफा देईल, बरं करील, भाभी, असं पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि पदराने डोळे टिपत होती. सानिया कॉटच्या पायथ्याशी उभी. सरांना असं पडलेलं तिला बघवेना म्हणून तिने मान खाली घातली होती आणि परीक्षेच्या धास्तीने ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती. डिपेंड, डिपेंड, असं म्हणून अडली.

"ऑन," कॉटवरून आवाज आला.

जुनाच आवाज, थोडा जाडसर, पण स्पष्ट. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हटलं अफ्रेड. ह्यांनी लगेच म्हटलं ऑफ. मी म्हटलं वेट, हे म्हणाले फॉर. मी एकामागून एक शब्द टाकत गेले, भिंतीपलीकडे ऐकलेले सगळे, आणि हे एकेक शेपूट परत देत गेले, एकही चुकलं नाही. सानियाची आई दुआ मागायला लागली. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. मग उठून चहा टाकला, साखर दुप्पट.

नीलेश शनिवारी पुण्याहून आला तेव्हा बाबा बोलायला लागले, असंच मी त्याला दारात सांगितलं. त्याने मोबाइल समोर धरून सगळं टिपलं आणि ह्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलं. मग काय विचारता. सर बोलतात, ही बातमी गावभर. आधी जुने विद्यार्थी आले, मग त्यांची परीक्षेला बसलेली पोरं, मग शेजारपाजारची. कोणी नारळ आणला, कोणी मोगरा. आपल्याकडे परीक्षेला जाण्याआधी मोठ्यांच्या पाया पडतातच, त्यात ही नवी भर पडली. पोरगं यायचं, पाया पडायचं, एक शब्द म्हणायचं, सरांकडून शेपूट घ्यायचं आणि प्रसाद मिळाल्यासारखं खूश होऊन जायचं. अमक्याला सरांनी जे सांगितलं तेच प्रिलिमच्या पेपरात आलं, असंही बोललं जायला लागलं. मला हसू यायचं पण मी कुणाला थांबवलं नाही. दारात पुन्हा चपलांचा ढीग पडला होता हो. मोठ्या पातेल्यात चहा उकळत होता. दुपारी खिडकीतून आंब्याच्या मोहोराचा वास यायचा आणि आत एकेका कोवळ्या गळ्यातून शब्द निघायचा आणि त्याला उत्तर मिळायचं. तो पंधरवडा मी सुखात होते. मला वाटलं आज शेपूट आलंय, उद्या अख्खं जनावर येईल.

ह्यांना बोलायला शिकवायला केतकी नावाची मुलगी घरी यायची. स्पीच थेरपी म्हणतात त्याला. वयाने नीलेशहून लहान, अंगाने काडी, पण गोड. ती दोन-तीन दिवस कोपऱ्यात बसून हे सगळं बघत राहिली. मग मला आत बोलावलं आणि ओट्यापाशी उभी राहून हळू आवाजात सांगितलं. "काकू, हे बोलणं नाही."

ती म्हणाली, काही माणसांना स्वतःचं नाव सांगता येत नाही पण आरती सुरू केली की ती शेवटपर्यंत म्हणतात. एक ते दहा आकडे म्हणतात, शिव्या देतात. ते आतून आपोआप येतं, त्याला काही सांगायचं असावं लागत नाही. काका इतकी वर्षं ते ऐकत आणि ऐकवत आले, म्हणून तेवढं शाबूत राहिलंय. पण ऑन म्हणताना त्यांना कशावर ते सांगायचं नसतं. आणि दिवसभर इतकी माणसं, इतके शब्द, ह्यात ते दमतात, मग माझ्यासमोर बसल्यावर डोळे मिटून घेतात. सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे असतात. थोडे दिवस हे थांबवून बघूया का? असं विचारलं तिने, हुकूम नाही केला. मला वाटतं हुकूम केला असता तर मी भांडले असते.

खरं सांगायचं तर मलाही ते आत कुठेतरी कळलं होतं. मी एकदा दुपारी कोणी नसताना म्हटलं होतं, अफ्रेड. हे म्हणाले ऑफ. मी म्हटलं, कशाची? कशाची भीती वाटते तुम्हाला? ह्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी पुन्हा म्हटलं अफ्रेड, हे पुन्हा म्हणाले ऑफ. त्या ऑफच्या पुढे एक माणूस अंधारात बसलेला आहे आणि दार आतून उघडत नाही, असं मला वाटलं आणि मी उठून कपडे वाळत घातले.

तर मी थांबवलं. दारात येणाऱ्यांना हात जोडून सांगितलं, सरांना विश्रांती हवी, शब्द विचारू नका. नीलेशने ग्रुपवर लिहिलं. काहींना राग आला. परीक्षा तोंडावर असताना असं कसं, असंही एकीने सुनावलं. चपला कमी होत होत संपल्या. केतकीने चित्रांचे पत्ते आणले होते. ग्लासाचं चित्र, ताटाचं, बायकोचं म्हणून एका बाईचं, जी माझ्यासारखी अजिबात दिसत नव्हती. रोज सकाळ-संध्याकाळ मी पत्ते घेऊन बसायची. पाणी हवं? म्हणा पा. पा. ह्यांचे ओठ जुळायचे, कपाळावर घाम यायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि हवा बाहेर पडायची. लग्नानंतरच्या उन्हाळ्यात हे मला शिकवायला बसायचे ते आठवायचं. मी मात्र नो, नो, नो म्हटलं नाही एकदाही. म्हणायची, होईल, होईल.

इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी सकाळी सानिया आली. गणवेश कडक इस्त्रीचा, ओढणी नीट पिन लावलेली, हातात हॉल तिकिटाची पारदर्शक पिशवी. मी दारातच तिला डोळ्यांनी खुणावलं, शब्द नको. तिने समजून मान हलवली. आत जाऊन ती ह्यांच्या पाया पडली. ह्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. मग ती उभी राहिली आणि हे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. वाट बघत होते. ओठ किंचित उघडे, पुढे झुकलेले, उत्तर तयार. ती माझ्याकडे बघायला लागली, मी मान हलवली, नाही म्हणून. सानिया म्हणाली, येते सर. ह्यांनी हात कॉटवर आपटला, एकदा, डस्टर आपटायचे तसा. मुलगी घाबरून पळालीच. मी ह्यांच्या शेजारी बसले आणि मनात सगळे शब्द म्हणून घेतले, तोंड घट्ट मिटून. तेव्हा एक शब्द दिला असता तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न मी तेव्हापासून विचारते. केतकीला विचारलं, डॉक्टरांना विचारलं. कोणी म्हणतं काही बिघडलं नसतं, कोणी म्हणतं केलंत ते बरोबरच.

मार्च गेला. परीक्षा संपल्या, पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळायला लागली, उन्हाने डांबर मऊ झालं. पत्त्यांमधून एकही शब्द आला नाही. शेवटी एका संध्याकाळी मीच हरले. पत्ते गोळा करून बाजूला ठेवले, ह्यांच्या समोर खुर्ची घेतली आणि म्हटलं, डिपेंड.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा म्हटलं, डिपेंड. मग अफ्रेड. मग गुड, वेट, इंटरेस्टेड, अक्यूज. वेटला एकदा फॉर आलं, तेही फार हळू. बाकी सगळ्याला ह्यांची तीच नजर. पुढच्या आठवड्यात फॉरसुद्धा गेलं. पुन्हा फोटो काढले मेंदूचे. डॉक्टर म्हणाले आणखी लहानसहान झटके येऊन गेले असावेत, कुणाला कळलेही नसतील. केतकी माझ्यापुढे रडली. म्हणाली, काकू, चालू ठेवलं असतं तरी गेलंच असतं बहुतेक. त्या 'बहुतेक'वर मी किती दिवस काढले ते माझं मला माहीत. दोष द्यायला कोणी सापडलं असतं तर बरं झालं असतं, माणूस रागाच्या जोरावर तरी उभा राहतो. पण ती मुलगी चांगली, डॉक्टर चांगले, नीलेश गुणी, पोरं प्रेमाने येत होती. सगळे चांगले असूनही हातात काही राहिलं नाही, हे कुणाला सांगून पटत नाही.

आता हे बरे आहेत, असं लोक म्हणतात. काठी धरून बाल्कनीपर्यंत चालतात, डाव्या हाताने जेवतात, झोप चांगली लागते. वजनही वाढलंय. कोणी आलं की हसतात. पूर्वी असं हसायचे नाहीत, पूर्वीचं हसू मिशीत अडकायचं. वरून विमान गेलं की मान वर करून बघतात. सानियाची आई ईदला शीरखुर्मा आणते, मुलगी कॉलेजात गेलीय म्हणून सांगते, सर किती शांत झालेत म्हणते. शांत! मी हो म्हणते आणि डबा धुऊन देते.

केतकीचं येणं थांबलं त्याला बरेच दिवस झाले. शेवटच्या दिवशी निघताना तिने सांगितलं होतं की फार क्वचित, पण राग आला की माणसाच्या तोंडून एखादा शब्द सुटतो. तेव्हा मी मनावर घेतलं नाही. ह्या गृहस्थांना राग येईल असं घरात उरलं तरी काय होतं?

पण आज सकाळी गच्चीवरच्या त्या चपला ऐकल्या आणि मला राहवलं नाही. ह्यांचा नाश्ता झाला होता, बाल्कनीतल्या खुर्चीत ऊन खात बसले होते. मी समोर स्टुल घेऊन बसले. आधी जासईचं बोलून बघितलं. म्हटलं, आमी बाजारात जातो, काय आणाचा हाय काय? नाय? ह्यांनी हसून बघितलं. मग मी डिपेंड म्हटलं, आणि ह्यांची वाट न बघता पुढे स्वतःच जोडलं, ऑफ. डिपेंड ऑफ. मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मला माझीच जीभ चावल्यासारखं झालं. ह्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. कपाळाला आठी पडेल, हात आपटेल, ते नो, नो, नो येईल. एक नो आला तरी माझी दिवाळी.

ह्यांनी मान डोलावली. एखाद्या पोराने बरोबर सांगितल्यावर डोलवायचे तशी, सावकाश, कौतुकाने.

मी म्हटलं, अफ्रेड विथ. मान डोलावली. इंटरेस्टेड ॲट. मान डोलावली. वेट ऑफ, गुड ऑन, अक्यूज टू. मी म्हणत गेले, जे तोंडाला येईल ते कशालाही लावत गेले, आवाज चढत गेला माझा, शेवटी शेवटी ओरडतच होते. गच्चीवरच्या चपला थांबल्या होत्या, पोर ऐकत असणार आणि गोंधळात पडलं असणार. हे हसऱ्या चेहऱ्याने ऐकत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा ह्यांनी माझी एकही चूक काढली नाही.